कड्यातलं गाव

मुलगा म्हणाला, "अम्मी, या वेळी तुला एक गाव दाखवतो. सातशे वर्षांपासून तिथं कुणी राहत नाही."

मी म्हटलं, "बंद गावं बघायला अमेरिकेला कशाला यायचं? आपल्या खाडीपट्ट्यात चल. सातशे नसतील, सात वर्षं म्हण. पण कुलपं मी तुला हवी तेवढी दाखवते."

तो हसला नाही. त्याला कारण होतं. खेडपासून थोड्या अंतरावर, जगबुडीच्या काठी आमचं घर आहे. जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं. पुढे ओटी, मागे पडवी. माझ्या सासऱ्यांनी आफ्रिकेतून पाठवलेल्या पैशांतून ते उभं राहिलं आणि यांनी कुवेतच्या कमाईतून त्याला मागे एक स्लॅबची खोली जोडली. हे जाऊन सहा वर्षं झाली होती. मी अर्धं वर्ष मुलीकडे मुंब्र्याला आणि राहिलेलं मुलाकडे. घराला कुलूप. पावसाळ्याच्या तोंडावर दीर माणूस लावून घर शाकारून घेत, वाळवी बघत. आता त्यांनीच गिऱ्हाईक आणलं होतं. भाव बरा होता. खरेदीखताचा मसुदा मुलाच्या मोबाइलवर येऊन पडला होता आणि माझ्या होकारासाठी थांबला होता. दोन आठवडे मी नुसतं 'बघू' म्हणत होते.

हे २०२४ च्या जूनमधलं. मुलगा डेन्व्हरला राहतो. तिथून कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं कॉर्टेझ गाव मोटारीनं सुमारे आठ तास. मधे पर्वत ओलांडावे लागतात. एका घाटात जूनमध्येही उतारावर बर्फाचे पांढरे पट्टे होते. कॉर्टेझला रात्र काढून सकाळी मेसा वर्दे राष्ट्रीय उद्यानात शिरलो. मेसा म्हणजे स्पॅनिशमध्ये मेज, वर्दे म्हणजे हिरवं. आपल्याकडे सपाट माथ्याच्या डोंगराला पठार म्हणतात, त्यांना ते मेजासारखं दिसलं. हिरवं मात्र मला फारसं दिसलं नाही. बुटकी, चिवट झाडं, आणि मैलोगणती उभे राहिलेले राखाडी सांगाडे. २००० साली मोठा वणवा लागला होता, त्यात जळलेली झाडं अजून तशीच उभी आहेत. जमीन इतकी कोरडी की कोकणातल्या माणसाच्या घशाला कोरड पडावी.

प्रवेशद्वारापासून वळणावळणाच्या रस्त्यानं वीसेक मैल गेल्यावर जुनी घरं येतात. वाटेत नातीला मी अजिंठ्याबद्दल सांगत होते. माझी कल्पना अशी की हीही लेणीच असणार. तशी ती नव्हेत. अजिंठ्याला माणसानं डोंगर पोखरला. इथं कड्याच्या पोटात वाळूच्या दगडाच्या प्रचंड कपारी निसर्गानंच कोरल्या आहेत. वरून मुरलेलं पाणी आतल्या थरावर येऊन थांबतं, बाहेर पाझरतं, थंडीत गोठतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटत जातात. त्या कपारींत माणसांनी दगडावर दगड ठेवून घरं बांधली. कड्याच्या टोकावरून समोर पाहिलं आणि मला बोलता येईना. वर दगडाची भली मोठी भुवई आणि तिच्या सावलीत एक अख्खं गाव. चौकोनी मनोरे, एक गोल मनोरा, एकावर एक चढलेल्या खोल्या, काळ्या खिडक्या. याचं नाव क्लिफ पॅलेस. महाल वगैरे काही नाही हं ते. कुणा राजाचं नव्हे, शेतकऱ्यांचं गाव आहे.

खाली जायला रेंजरबरोबरच जावं लागतं. तिकीट आधी काढलेलं होतं. रेंजर म्हणजे उद्यानाचा अधिकारी, इथं एक तरुण मुलगी होती. तिनं सगळ्यांना बजावलं: उंची सात हजार फुटांच्या आसपास आहे, दम लागेल, उतरताना वेड्यावाकड्या पायऱ्या आहेत, वर येताना चार शिड्या चढाव्या लागतील, हृदयाचा, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी विचार करावा. शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली असं मला वाटलं. सलवार-कमीज, पायात बूट, चौसष्टी उलटलेली. मी बाकावर बसून विचार करू लागले.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्याच असाव्यात. दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या. मीही चोळत होते. गुडघ्यांवरून आमची ओळख झाली. त्यांचा नातू खाली जाणार होता, त्या नव्हत्या. "मी पूर्वी जाऊन आले आहे," म्हणाल्या. न्यू मेक्सिकोतल्या एका पुएब्लो गावच्या, एवढं त्यांनी सांगितलं. माझ्या डोक्यात तेव्हा काही प्रकाश पडला नाही. मला वाटलं, आमच्यासारख्याच पाहुण्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. उतरताना हात दगडावर ठेवा, शिडीवर खाली बघू नका." शाळेतल्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, म्हणून मी उठले.

खाली गेल्यावर गाव लहान वाटू लागलं. लांबून मनोरे भासणाऱ्या भिंती आणि त्यांतली दारं इतकी बुटकी की माझी दहा वर्षांची नातच त्यांच्या मापाची. रेंजर सांगत होती, पुरुष सरासरी पाच फूट चार-पाच इंचांचे, बायका पाच फुटांच्या. या एका कपारीत सुमारे दीडशे खोल्या, पण राहणारी माणसं शंभराच्या आसपास. पुष्कळशा खोल्या धान्याच्या. अशी सुमारे सहाशे कपारघरं या उद्यानात आहेत आणि बहुतेकांत एक ते पाचच खोल्या. पठारावर हे लोक सहाव्या शतकापासून शेती करत होते. शेकडो वर्षं वर, उघड्यावर राहिले. कड्याच्या पोटात उतरले ते बाराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे जे पाहायला जग येतं ते त्यांच्या मुक्कामाचं शेवटचं शंभरेक वर्षांचं प्रकरण. शेत मात्र वरच. कड्यात बोटं आणि पावलाचा पुढचा भाग मावेल एवढ्या खाचा खोदलेल्या, त्या धरून चढायचं, पाठीवर मक्याची टोपली घेऊन उतरायचं. मी पुन्हा कधी माझ्या गुडघ्यांची तक्रार करणार नाही असं तेव्हा ठरवलं. ते दोन दिवस टिकलं.

मका, घेवडा आणि भोपळा, ही त्यांची तीन पिकं. आमच्या परसातला लाल भोपळासुद्धा मुळात अमेरिका खंडातून आलेला, तेव्हा तोंडओळख जुनी म्हणायची. पाळलेले टर्की पक्षी, त्यांची पिसं युक्का नावाच्या झुडपाच्या वाखात गुंडाळून केलेल्या कांबळी. आणि पाटा-वरवंटा! अगदी आपल्यासारखा, फक्त पाट्याला मधे खोल घळ पडलेली. त्यावर बायका मका दळत. दळताना दगडाची कच पिठात उतरे आणि ती खाऊन माणसांचे दात झिजून जात. सांगाड्यांवरून हे कळलं म्हणे. दळण घेतलेल्या माणसाला हे लगेच समजतं. आणखी एक गोष्ट रेंजरनं ओघात सांगितली आणि ती पुढे गेली, मी मागे राहिले. त्यांची निम्मी मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात.

भिंतींच्या दगडांमधला चिखल तिनं जवळून दाखवला. माती, पाणी आणि राख यांचा तो गारा. दाबून बसवताना उमटलेले बोटांचे ठसे तसेच आहेत. हात लावायला मनाई आहे. मी नुसता हात जवळ नेला. आमच्या घराच्या मागच्या पडवीची जमीन सासूबाई सारवायच्या तेव्हा त्यांच्या बोटांच्या अशाच अर्धगोल रेघा उमटत. नंतर आम्ही तिथं फरशी घातली.

अंगणासारख्या मोकळ्या जागांत जमिनीखाली गोल खोल्या आहेत. त्यांना किवा म्हणतात. छप्पर म्हणजे वरचं अंगण, आत उतरायला छपरातूनच शिडी. मधे चूल, आणि जमिनीत एक लहानसं भोक. माणसं पूर्वी खालच्या जगातून या जगात वर आली, त्या वाटेची ती खूण. अशा किवा आजही पुएब्लो गावांमध्ये आहेत आणि त्यांतले विधी बाहेरच्यांना पाहू देत नाहीत. एका गृहस्थांनी विचारलं, का नाही? रेंजर म्हणाली, कारण ते त्यांचे आहेत. मला हे उत्तर फार आवडलं.

मग तिनं कपारीच्या पुढच्या उताराकडे बोट केलं. घरातला केरकचरा, राख, फुटकी मडकी तिथं टाकत. आणि अनेक ठिकाणी आपली मेलेली माणसंही अशाच उतारांत पुरत. लोक माना उंचावून बघू लागले. माझ्या ओठांवर मात्र कब्रस्तानात शिरताना करायचा सलाम आपोआप आला, आणि अर्ध्यावर थांबला. या लोकांना मी सलाम करावा का? त्यांना तो कळेल का? मनात मुल्ला-मौलवी उभे राहिले, त्यांची आपसात चर्चा सुरू झाली. तेवढ्यात नात म्हणाली, "दादी, पुढे चल ना." मी सलाम पुरा केला आणि पुढे गेले.

नातीनंच तो प्रश्न विचारला, जो तिथं प्रत्येक मूल विचारत असणार. "मग ते गेले कुठे?"

तो माझ्याही धंद्यातला प्रश्न. छत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. मोहेंजोदारोचा धडा घेताना 'ही संस्कृती लोप पावली' असं फळ्यावर लिहायचं आणि खाली 'कारणे लिहा', पाच गुण. दुष्काळ, पूर, आक्रमण, व्यापार बसणे. चार कारणं लिहिली की चार गुण, अक्षर चांगलं असलं की पाचवा. इथंही कारणं आहेतच. १२७६ ते १२९९ या काळात इथं मोठं अवर्षण होतं. हे कसं कळलं, तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून. पाऊसपाण्याच्या वर्षी वर्तुळ रुंद, दुष्काळात अरुंद. जिवंत झाडाची वर्तुळं जुन्या वाशाच्या वर्तुळांशी, त्या वाशाची त्याहून जुन्या वाशाशी जुळवत मागं जायचं. ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं ही विद्या उभी केली. मधे एक दुवा तुटत होता. १९२९ साली ॲरिझोनातल्या शो लो या गावी एक जळका वासा सापडला आणि साखळी जुळली. म्हणून आज सांगता येतं की क्लिफ पॅलेसचं बरंचसं बांधकाम १२६० ते १२८० या दरम्यानचं. म्हणजे बघा, ज्या हातांनी हा गारा लावला त्यांतल्याच काहींनी या गावाचा निरोप घेतला असणार. १३०० च्या सुमारास पठारावर कुणी उरलं नव्हतं. अवर्षण एकटंच कारण नसावं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन थकली, सरपण आणि शिकार दूर गेली, आपसांत तंटे झाले. अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

पण हे सगळं 'का गेले'चं उत्तर. नातीनं विचारलं होतं, 'कुठे'. माझ्या फळ्यावर तो प्रश्न कधी आलाच नव्हता.

शिड्या चढताना मी खाली पाहिलं नाही. मुलगा मागे होता, नात पुढे होती. शेवटच्या शिडीवर माझी ओढणी एका टोकाला अडकली आणि मागची सगळी रांग थांबली. वर आले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. त्या बाई बाकावर तशाच बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली, पाण्याची बाटली पुढे केली. श्वास आल्यावर मी, शिक्षिकेच्या सवयीनं, विचारलं, "हे लोक इथून गेले कुठं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गेले कुठं म्हणजे? मी कोण आहे मग? इथून चार तासांवर माझं घर आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या नव्हत्या. हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकला असावा की त्यातलं काटेरी काही उरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, आमचे लोक दक्षिणेला गेले. काही रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, काही पश्चिमेला. होपी, झुनी, अकोमा आणि आणखी कितीतरी गावं, सगळ्यांच्या जुन्या कहाण्यांत या मुलखाची वाट आहे. बियाणं नेलं, मुलं नेली, म्हातारी माणसं नेली. मडकी राहिली, पाटे राहिले. चालत जाणारा माणूस पाटा कसा नेणार? मडकी नव्या ठिकाणच्या मातीची करता येतात. बाहेरचे लोक म्हणाले, हे अचानक नाहीसे झाले, बघा, भांडीसुद्धा तशीच टाकून गेले.

मी म्हटलं, "आणि घरं? ती रिकामी पडली, त्याचं?"

त्या म्हणाल्या, "रिकामी नाहीत. आमचे जुने लोक तिथंच आहेत. म्हणून आत जाताना सांगून जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही."

मी त्यांना सांगितलं की मी खाली सलाम केला. सलाम म्हणजे काय तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत." मग त्यांचा नातू वर आला, आणि त्या काठी टेकत गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

पुस्तकांत या लोकांना पूर्वी 'अनासाझी' म्हणत. तो शब्द शेजारच्या नावाहो लोकांचा, आणि त्याचा एक अर्थ 'शत्रूंचे पूर्वज' असा निघतो. पुएब्लो लोकांना तो आवडत नाही, म्हणून आता उद्यानाच्या फलकांवर 'पुएब्लोंचे पूर्वज' असं लिहितात. आपलं नाव शेजाऱ्यानं ठेवलेलं असणं आणि तेच पुस्तकात छापून येणं, यावर या पानांच्या वाचकांना मी जास्त काय सांगू?

परतीच्या वाटेत मुलगा माहिती वाचून दाखवत होता, सून गाडी चालवत होती. १८ डिसेंबर १८८८ ला रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन हे दोन गुराखी चुकलेली गुरं शोधत आले आणि त्यांना क्लिफ पॅलेस 'सापडला'. अजिंठा नाही का १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला सापडला, तसाच. इथल्या युट लोकांना ही घरं ठाऊक होती. अकोविट्झ नावाच्या युट माणसानं वेदरिलला त्यांबद्दल आधीच सांगितलेलं होतं. १९०६ साली उद्यान झालं आणि मग लक्षात आलं की क्लिफ पॅलेससारखी उत्तम घरं तर युटांच्या राखीव जमिनीत आहेत. तेव्हा अदलाबदल करून ती जमीनही घेतली गेली. १९७८ पासून हा जागतिक वारसा आहे.

मला मात्र चटका लागला तो गुस्ताफ नॉर्डेनशोल्डच्या गोष्टीनं. स्वीडनचा हा तेवीस वर्षांचा मुलगा, क्षयाचा रोगी, १८९१ मध्ये हवापालटाच्या प्रवासात इथं आला. त्यानं काळजीपूर्वक उत्खनन केलं, नोंदी ठेवल्या, फोटो काढले. त्याचं पुस्तक आजही मानलं जातं. आणि वस्तूंबरोबर कबरींतली माणसंही पेट्यांत भरली. डुरँगोच्या लोकांनी ओरड केली, त्याला अटक झाली, पण पुराणवस्तू नेऊ नयेत असा कायदाच तेव्हा नव्हता. तो सुटला, पेट्या आगगाडीनं गेल्या. १८९५ मध्ये, सत्तावीस पुरी व्हायच्या आत, तो वारला. संग्रह एका फिनिश डॉक्टरकडून फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. होपी, झुनी, अकोमा आणि झिया यांनी पाठपुरावा केला. २०१९ मध्ये दोन्ही देशांत ठरलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे वीस माणसांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू हेलसिंकीहून परत आल्या. याच उद्यानात त्यांना पुन्हा मूठमाती दिली.

कोविडचं ते साल. मय्यतीला चार माणसं मिळत नव्हती, तेव्हा ही माणसं सव्वाशे वर्षांनी समुद्र ओलांडून आपल्या जागी येत होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

रात्री कॉर्टेझच्या खोलीत नात कपारीचं चित्र काढत बसली. मी मुलाला म्हटलं, "तो मसुदा वाच. चतुःसीमा वाच." त्यानं वाचलं. पूर्वेस अमुक, दक्षिणेस नदी, पश्चिमेस कब्रस्तान. मी म्हटलं, "वाट कुठं आहे?"

"कसली वाट?"

आमच्या परसातून कब्रस्तानात जाणारी एक वाट आहे. जगबुडीला पूर आला की सडकेवर पाणी चढतं, तेव्हा साऱ्या मोहल्ल्याच्या मय्यती त्या वाटेनं जातात. यांचीही त्याच वाटेनं गेली, जुलै महिना होता. वाट कुठंही नोंदलेली नाही. घर आमचं होतं तोवर नोंदीची गरज कुणाला पडली नाही. नवा माणूस गडगा घालील आणि त्याचं काही चुकणारही नाही.

"दिरांना फोन लाव. म्हणावं, वाट खरेदीखतात लिहून घ्या. वहिवाटीचा हक्क, कायमचा. आठ फूट रुंद. दोन्ही बाजूंचे खांदेकरी चालतील एवढी."

मुलगा म्हणाला, "अम्मी, गिऱ्हाईक भाव पाडेल. कदाचित सोडूनही जाईल."

"जाऊ दे. घर मी द्यायला तयार आहे. पण वाट ठेवून."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. साडेनऊ वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. पहिल्याच रिंगला दिरांनी फोन उचलला. मागे कावळे ओरडत होते आणि पाऊस लागला होता.